साचा आणि सारण

दिवाळीच्या फराळात साच्यातल्या करंज्यांची एक गंमत असते. लाटी लाटली, साच्यात पसरली, साचा मिटून दाबला आणि कडेचं जादा पीठ काढलं की प्रत्येक करंजी सारखी. सारण घालायचं राहिलं तरी आकार तोच, कडेची नक्षी तीच. एखादी पोकळ राहिली हे ताट सजवणाऱ्याला कळत नाही, खाणाऱ्याला कळतं.

गेल्या वर्षी मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारलं, "काका, आता कोड मशीनच लिहितं. मग आम्ही शिकायचं काय?" प्रश्न खरा होता आणि त्यामागची काळजीही खरी होती. तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. नंतर घरी आल्यावर मला एका जुन्या अवजाराची आठवण झाली. त्याचं नाव मिब-टू-सी. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाइप केली की हे अवजार नेटवर्कमधल्या वस्तूंचं वर्णन वाचतं आणि त्यावरून सी भाषेतला प्रोग्रॅम लिहून देतं. पंचवीसएक वर्षांपूर्वी ते सर्रास वापरात होतं आणि आजही मिळतं. यंत्राने लिहिलेल्या कोडशी आमच्या पिढीची ओळख अशा अवजारांमुळे झाली. त्या मुलाच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर या अवजाराच्या इतिहासात आहे, म्हणून तो सांगतो.

जाळ्याची नाडी

इंटरनेटच्या आधीचं जाळं म्हणजे आर्पानेट. २७ ऑक्टोबर १९८० रोजी ते काही तास पूर्ण कोलमडलं. एका यंत्रातल्या मेमरीच्या दोषामुळे काही संदेशांतले बिट गळाले आणि ते बिघडलेले संदेश सगळीकडे फिरत राहिले. पुढे ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला दुवा इतका तुंबला की सेकंदाला ३२ हजार बिटचा वेग ४० बिटवर आला. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम चारशे यार्डांचं. या दुखण्यावरचा उपाय व्हॅन जेकबसन यांनी शोधला, तो इतिहास वेगळा. पण असल्या प्रसंगांतून एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली : जाळं आजारी पडतं तेव्हा त्याची नाडी बघायला आपल्याकडे काही नाही.

होता तो फक्त 'पिंग'. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम दूरच्या यंत्राला हाक मारतो आणि ओ येते का ते बघतो. माणूस जागा आहे एवढं त्यातून कळतं, ताप किती आहे ते कळत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीच्या राउटरला प्रश्न विचारायची पद्धत वेगळी होती. पाच कंपन्यांची पाच यंत्रं असली की सांभाळणाऱ्याला पाच भाषा याव्या लागत.

तात्पुरती सोय

१९८७-८८ च्या सुमारास या दुखण्यावर तीन औषधं पुढे आली. जेफ्री केस, मार्क फेडर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन या चौघांनी राउटरवर लक्ष ठेवण्यासाठी एक साधी पद्धत बनवली होती, तिचं नाव एसजीएमपी. क्रेग पार्ट्रिज आणि ग्लेन ट्रेविट यांनी हेम्स नावाची जास्त विचारपूर्वक आखलेली पद्धत मांडली होती. आणि तिसरी होती आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेची भारदस्त पद्धत, जी पुढे सगळं जग स्वीकारणार अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती.

२९ फेब्रुवारी १९८८ रोजी या मंडळींची बैठक झाली आणि तिचा निष्कर्ष एप्रिलमध्ये व्हिंट सर्फ यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. हेम्सच्या कर्त्यांनी, एकमत व्हावं म्हणून, आपली पद्धत मागे घेतली. आपल्या मंडळाच्या सभांना बसलेल्या कुणालाही हे किती दुर्मीळ आहे ते सांगायला नको! साध्या पद्धतीत सुधारणा करून ती लगेच वापरायची आणि दूरच्या भविष्यात भारदस्त पद्धतीकडे जायचं असं ठरलं. या सुधारलेल्या साध्या पद्धतीचं नाव एसएनएमपी, म्हणजे सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल. ऑगस्ट १९८८ मध्ये तिची तीन कागदपत्रं निघाली. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय आज जवळजवळ चाळीस वर्षं टिकून आहे. भारदस्त पद्धत इंटरनेटवर कधी रुजलीच नाही.

या तडजोडीतली एक अट मात्र फार महत्त्वाची ठरली. आज साधी पद्धत आणि उद्या भारदस्त पद्धत वापरायची, तर यंत्रात मोजायचं काय याची यादी दोन्हींना चालेल अशी असायला हवी. म्हणून प्रश्नोत्तरांची पद्धत एका कागदावर आणि ज्यांच्याबद्दल प्रश्न विचारायचे त्या गोष्टींचं वर्णन वेगळ्या कागदावर, अशी फाळणी केली गेली. दोन पद्धतींची ही सांगड पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, मोडली. पण फाळणी राहिली. वर्णन वेगळं, ठरावीक व्याकरणात आणि यंत्राला वाचता येईल असं. ते तसं नसतं तर मिब-टू-सी जन्मालाच आलं नसतं.

वर्णनात काय असतं

या वर्णनाच्या फाइलला मिब म्हणतात, म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन बेस. पहिली मिब कीथ मॅक्लॉगरी आणि मार्शल रोझ यांनी संपादित केली. यंत्रं बनवणाऱ्यांना जड जाऊ नये म्हणून तिच्यात सुमारे शंभरच गोष्टी ठेवायच्या असं बंधन घालून घेतलं होतं. मार्च १९९१ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि तीच पुढे घरोघरच्या राउटरपर्यंत पोचली.

मिबमध्ये प्रत्येक गोष्टीला एक पत्ता असतो. गाव, पेठ, वाडा, खोली अशा उतरत्या क्रमाने लिहावा तसा तो आकड्यांत लिहितात. उदाहरणार्थ, एखाद्या जोडणीवर किती सदोष पुडकी आली याचा पत्ता १.३.६.१.२.१.२.२.१.१४ असा आहे. पहिला १ आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेचा, ३ तिने मान्य केलेल्या संघटनांचा, ६ अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा, पुढचा १ इंटरनेटचा. असं खाली उतरत आपण जोडण्यांच्या तक्त्यातल्या चौदाव्या रकान्यापर्यंत येतो. खाजगी कंपन्यांसाठी या झाडाची एक वेगळी फांदी राखून ठेवली आहे. तिथे आयबीएमचा क्रमांक २, सिस्कोचा ९.

पत्त्यानंतर त्या गोष्टीचा प्रकार येतो. हे नुसते 'आकडा आहे' एवढं सांगणं नव्हे. समजा प्रकार 'काउंटर' असा लिहिला आहे. काउंटर फक्त वाढतो आणि ४,२९,४९,६७,२९५ वर पोचला की गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यांसारखा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. सेकंदाला एक कोटी बिटच्या जोडणीवर बाइट मोजणारा काउंटर ५७ मिनिटांत ही फेरी पूर्ण करतो. त्याच्या शंभरपट वेगाच्या जोडणीवर त्याला ३४ सेकंदच पुरतात. त्यामुळे दर मिनिटाला वाचन घेणाऱ्याची फसगत व्हायची, आणि म्हणून १९९३ मध्ये दुप्पट लांबीचे, ६४ बिटचे काउंटर आले. 'गेज' हा प्रकार वेगळा, तो तापमापकासारखा वर-खाली होतो. ती किंमत फक्त वाचायची की बदलताही येते, तेही लिहिलेलं असतं.

आणि शेवटी असतो एक साधा परिच्छेद. ही गोष्ट म्हणजे नेमकं काय, कशाला सदोष म्हणायचं, कशाला नाही, हे त्यात माणसाच्या भाषेत सांगितलेलं असतं. हा परिच्छेद ध्यानात ठेवा. पत्ता, प्रकार, परवानगी हे सारं यंत्राला वाचता येतं. हा शेवटचा परिच्छेद मात्र त्याच्यासाठी अवतरणचिन्हांतली निव्वळ अक्षरं.

अशा रीतीने कुठल्याही वस्तूचं वर्णन करता येतं हे दाखवायला जॉन रोमकी यांनी सायमन हॅकेट यांच्या साथीने १९९० च्या इंटरॉप प्रदर्शनात चक्क एक टोस्टर इंटरनेटला जोडला आणि एसएनएमपीने तो चालू-बंद करून दाखवला. ब्रेड तेवढा हाताने ठेवावा लागत होता. पुढच्या वर्षी त्यासाठीही एक छोटी यारी जोडली. लोक हसले, पण मुद्दा पोचला : वस्तूचं वर्णन लिहा, मग तिला प्रश्न विचारणं सोपं आहे.

साच्यातून कोड

प्रश्न विचारणं सोपं झालं, उत्तर देणाऱ्याचं काम मात्र कंटाळवाणं होतं. प्रत्येक यंत्रात एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो, त्याला एजंट म्हणतात. प्रश्न आला की पत्ता ओळखायचा, ती गोष्ट आपल्याकडे आहे का बघायचं, प्रकार बरोबर आहे ना तपासायचं, किंमत काढायची आणि उत्तर बांधून पाठवायचं. मिबमध्ये दोनशे गोष्टी असतील तर हे दोनशे वेळा. नव्वदच्या दशकात भारतातून इथे आलेल्या आपल्यापैकी कित्येकांच्या पहिल्या नोकरीत हेच काम वाट्याला आलं असेल. नवख्या माणसाला द्यायचं काम म्हणून ते ओळखलं जायचं. दिवसभर तेच तेच लिहिताना १४ च्या जागी १३ पडला की सदोष पुडक्यांऐवजी टाकून दिलेल्या पुडक्यांचा आकडा जायचा, आणि ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

वर्णन जर यंत्राला वाचता येतं, तर त्यावरून हा कोड यंत्रानेच का लिहू नये? हा विचार लवकरच सुचला. मार्शल रोझ यांच्या सॉफ्टवेअर-संचात मोझी नावाचा कंपायलर होता, तो मिब वाचून तिचं सुटसुटीत रूप करून देई. डेव्हिड पर्किन्स यांचा स्मिक हा कंपायलर मिबमधल्या चुका दाखवण्यासाठी नावाजला गेला. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठात फ्रांक श्ट्राउस आणि युर्गन शॉनवेल्डर यांच्या पुढाकाराने लिबस्मी हा संच तयार झाला. त्यातलं स्मिडंप हे अवजार एकाच मिबवरून अनेक रूपांत माहिती आणि कोड काढून देतं.

मिब-टू-सी ज्या संचातलं, त्याची वंशावळ अशी. कार्नेगी मेलन विद्यापीठात स्टीव्ह वॉल्डबुसर यांनी एसएनएमपीचा एक मुक्त संच लिहिला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत वेस हार्डेकर यांनी तो आपल्या गरजेसाठी घेतला, वाढवला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून यूसीडी-एसएनएमपी या नावाने सर्वांना खुला केला. पुढे तो विद्यापीठाबाहेर पडून नेट-एसएनएमपी झाला. जगभरातल्या माणसांनी त्याला हातभार लावला आणि लिनक्सच्या बहुतेक वितरणांत तो जाऊन बसला. मिब-टू-सी हे त्या संचातलं, पर्ल भाषेत लिहिलेलं अवजार.

त्याची रचना साधी आहे. एका बाजूला मिब, दुसऱ्या बाजूला साच्याची फाइल. साच्यात सी भाषेचा मजकूर असतो आणि मध्ये मध्ये 'इथे गोष्टीचं नाव', 'इथे तिचा प्रकार', 'प्रत्येक रकान्यासाठी हे पुन्हा' अशा खुणा असतात. साचे अनेक आहेत : एकट्या किमतीसाठी एक, तक्त्यासाठी दुसरा, ज्या तक्त्याची माहिती एजंटनेच सांभाळायची त्यासाठी तिसरा. आज्ञा दिली की अवजार आधी तुम्हाला कुठला साचा हवा ते विचारतं आणि मग क्षणात शेकडो ओळी लिहून टाकतं. आकडा चुकत नाही, प्रकार चुकत नाही, एकही गोष्ट विसरली जात नाही. ज्याने हे आधी हाताने लिहिलंय त्यालाच त्यातलं सुख कळेल.

पण या लिहिलेल्या कोडमध्ये काही जागा रिकाम्या असतात. प्रत्येक रिकाम्या जागेवर तीन एक्स आणि एक टीप असते : खरी माहिती कुठे आहे त्याचा पत्ता इथे द्या, तिची लांबी इथे द्या. एकट्या किमतीच्या साच्यात ही जागा अक्षरशः रिकामी असते, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काहीच नाही. त्यामुळे तो कोड तसाच कंपायलरकडे दिला तर कंपायलर तो घेत नाही. मला या अवजाराबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी. जे त्याला माहीत नाही ते माहीत असल्याचा आव ते आणत नाही. साचा माझा, सारण तुमचं, असं ते स्पष्ट सांगतं.

एक शून्य

आता माझी एक चूक सांगतो. २००३ च्या सुमाराची गोष्ट. मी नेटवर्कचा एक अभ्यासक्रम शिकवत होतो आणि विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या यंत्रखोलीसाठी एक छोटी मिब दिली होती. ती मीच लिहिली होती. तीनच गोष्टी : खोलीचं तापमान, वीज गेल्यास बॅटरी किती मिनिटं पुरेल ते, आणि रात्री टेपवर होणारा बॅकअप आजवर किती वेळा फसला त्याचा काउंटर.

एका हुशार मुलाने मिब-टू-सी वापरून दोन दिवसांत एजंट उभा केला. प्रात्यक्षिकात त्याने तिन्ही प्रश्न विचारले आणि तिन्ही उत्तरं आली : तापमान २१, बॅटरी १८ मिनिटं, फसलेले बॅकअप शून्य. पत्ते बरोबर, प्रकार बरोबर. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि कौतुकाने तो एजंट खरोखरच्या कामाला लावला. त्याच्यावरून आलेख निघायला लागले.

तिसऱ्या किमतीसाठी बॅकअपच्या नोंदी वाचून त्यातून अपयश मोजावं लागणार होतं. त्याला ते नंतर करायचं होतं. तोवर कंपायलर अडू नये म्हणून त्याने रिकाम्या जागेत शून्य भरलं. मग परीक्षा आल्या आणि ते राहून गेलं.

तीन आठवडे टेपचा ड्राइव्ह बिघडलेला होता आणि एकही बॅकअप झाला नव्हता. माझ्या आलेखावर शून्याची सरळ, शांत रेघ. मग एक डिस्क गेली. आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीची तीन आठवड्यांची मोजमापं तिच्यावर होती. ती गेली ती गेलीच. तिने तक्रार केली नाही. नाताळच्या सुट्टीत घरी जायचं रद्द करून तिने ती सगळी मोजमापं पुन्हा घेतली.

त्या मुलाला मी रागावलो नाही, कारण चूक माझी होती. मिबमधला तो साध्या भाषेतला परिच्छेद मी स्वतः लिहिला होता : बॅकअप सुरू होऊन पूर्ण न झाल्यास, किंवा सुरूच न झाल्यास, ही संख्या एकने वाढेल. अवजाराला हे वाक्य वाचता येत नव्हतं. मला येत होतं. प्रात्यक्षिकाच्या वेळी मी उत्तराचा आकार तपासला, उत्तर तपासलं नाही. टेप बाहेर काढून, बॅकअप चालवून, शून्याचा एक होतो का एवढं बघायला दहा मिनिटं लागली असती.

पुढच्या वर्षीपासून मी प्रात्यक्षिकाचा नियम बदलला. आधी बिघाड करायचा, मग आकडा दाखवायचा. केबल उपटा आणि जोडणी 'बंद' दिसते का ते दाखवा. तापमापक मुठीत धरा आणि आकडा चढतो का ते दाखवा. पहिल्या वर्षी अर्ध्या वर्गाचे प्रकल्प या परीक्षेत अडकले, आणि ते सगळे व्यवस्थित कंपाइल झालेले होते.

२००२ : दोन धडे

माझ्या चुकीच्या आदल्याच वर्षी सगळ्या क्षेत्राला दोन मोठे धडे मिळाले होते, आणि मी शिकवत असूनही त्यांचा अर्थ मला पुरता लागला नव्हता.

पहिला धडा फेब्रुवारीतला. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठातल्या संशोधकांनी एसएनएमपीचे मुद्दाम बिघडवलेले हजारो संदेश तयार केले आणि ते वेगवेगळ्या यंत्रांना पाठवून पाहिले. यंत्रं कोसळू लागली. १२ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकेच्या सर्ट केंद्राने जाहीर इशारा दिला. दोष एका कंपनीपुरता नव्हता, तो कितीतरी कंपन्यांच्या यंत्रांत होता. संदेश उलगडणाऱ्या कोडने येणाऱ्या मजकुरावर जरुरीपेक्षा जास्त विश्वास ठेवला होता. एकच साचा अनेक घरी फिरतो तेव्हा त्याला पडलेली चीर प्रत्येक घरच्या करंजीवर उमटते. उलट बाजूही तितकीच खरी आहे : सामाईक संचातला दोष एकदा दुरुस्त झाला की तो वापरणाऱ्या सगळ्यांना दुरुस्ती मिळते.

याच निमित्ताने लोकांना एसएनएमपीच्या परवलीच्या शब्दाचीही आठवण झाली. पहिल्या आवृत्तीत त्याला पासवर्ड न म्हणता 'कम्युनिटी' म्हणत, आणि तो उघड्यावरून जात असे. बहुतेक यंत्रांवर कम्युनिटीचं नाव मुळातच 'पब्लिक' असं ठेवलेलं असायचं. बदलायचं काम घेणाऱ्याचं, आणि घेणारे बदलत नसत.

दुसरा धडा जूनमधला. ४ ते ६ जून २००२ या दिवसांत व्हर्जिनियातल्या रेस्टन इथे एक कार्यशाळा झाली. प्रमाणं लिहिणारे आणि प्रत्यक्ष जाळी सांभाळणारे एकत्र बसले. सांभाळणाऱ्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं : यंत्रावर लक्ष ठेवायला एसएनएमपी ठीक आहे, पण यंत्राची मांडणी बदलायला आम्ही ते वापरत नाही. आम्ही अजूनही कमांड लाइनवर आज्ञा टाइप करतो, कारण त्या वाचता येतात आणि कालची मांडणी व आजची मांडणी शेजारी ठेवून फरक बघता येतो. आम्ही ठरवलेलं काय आणि यंत्रात घडतंय काय, हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. चौदा वर्षं जे काम चालू होतं त्यातला निम्मा भाग ज्यांच्यासाठी होता ते तो वापरतच नव्हते. पुढच्या वर्षी हा अहवाल छापला गेला, आणि तो वाचताना प्रमाणं लिहिणाऱ्यांचं कौतुक वाटतं : त्यांनी ही टीका झाकली नाही.

त्यातून नेटकॉन्फ हा नवा प्रोटोकॉल २००६ मध्ये आला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये यांग ही वर्णनाची नवी भाषा आली. तिच्या नावाचा अर्थच 'आणखी एक पुढची पिढी' असा आहे. तिचे एक संपादक स्वीडनमधले मार्टिन ब्योर्कलुंड. मिबसाठी जशी मिब-टू-सीसारखी अवजारं, तसं यांगसाठी पायांग. तेही ब्योर्कलुंड यांनीच पायथनमध्ये लिहिलं. ते वर्णनातल्या चुका दाखवतं, झाडाचं चित्र काढतं आणि जोड-प्रोग्रॅम लावले तर कोडही लिहितं.

यांगमध्ये एक गोष्ट मला विशेष वाटते. मिबमध्ये जे अर्थ साध्या भाषेतल्या परिच्छेदात दडलेले होते, त्यांतले काही आता यंत्राला वाचता येतील असे लिहिता येतात. ही किंमत माणसाने ठरवायची की यंत्राने कळवायची हे स्पष्ट असतं. 'ही गोष्ट चालू असेल तर ती दुसरी असलीच पाहिजे' अशी अट घालता येते आणि यंत्र ती तपासतं. म्हणजे यंत्राला कळणारा भाग आणि फक्त माणसाला कळणारा भाग यांच्यातली रेघ सरकली. पण पुसली गेली नाही. यांगमध्येही साध्या भाषेतला परिच्छेद आहेच, आणि तो वाचून खरी माहिती आणून द्यायचं काम अजून कुणाला तरी करावंच लागतं.

त्या मुलाचा प्रश्न

आता आजची यंत्रं तो परिच्छेदसुद्धा वाचतात आणि रिकाम्या जागाही स्वतःच भरून टाकतात. हा फरक लहान नाही. मिब-टू-सी तीन एक्स लिहून थांबायचं, कंपायलर अडायचा आणि माणसाला तिथे बघावंच लागायचं. नवी यंत्रं थांबत नाहीत. त्यांचा कोड पहिल्या फटक्यात चालतो आणि काहीतरी उत्तर देतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण एखादं उत्तर माझ्या त्या शून्यासारखं असेल, तर ते ओळखायला आता तीन एक्सची खूणही नाही.

म्हणून त्या मुलाला मी आता असं सांगेन. बाळा, तेच तेच लिहायचं काम यंत्राने नेलं याचं वाईट वाटून घेऊ नकोस, आम्ही ते केलंय आणि त्यात काही सुख नव्हतं. तू दोन गोष्टी शीक. एक, वर्णन लिहायला : काय मोजायचं, कशाला बिघाड म्हणायचं, हे दुसऱ्याला शंका राहणार नाही असं लिहायला. १९८८ च्या त्या मंडळींनी वर्णन वेगळं काढलं आणि नीट लिहिलं, म्हणून त्यांचं काम इतकी वर्षं टिकलं. दुसरी, उत्तर खरं आहे का ते तपासायला. त्यासाठी केबल उपटायची तयारी हवी, आणि ज्यांना रात्री दोन वाजता ते यंत्र सांभाळायचंय त्यांना जाऊन विचारायची.

माझी आई करंज्या तळायला बसली की पहिल्या घाण्यातली एक करंजी फोडून बघायची. आम्हा मुलांना वाटायचं, ती आम्हाला देण्यासाठी फोडते. ती मिळायचीही आम्हालाच. पण आधी ती आत बघायची.